नाइटवर जगणाऱ्यासाठी कर्जफेडीचा तक्ता : दादरच्या एका कर्ज-सल्ला केंद्राबद्दल

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा का कापला ते पुढे येईल, पण आधीच सांगतो, जायला हरकत नाही.

मी नाटकाचा लाइटवाला. शिवाजी मंदिर, दीनानाथ, कालिदास, ठाण्याचं गडकरी, बोरिवलीचं ठाकरे, जिथे प्रयोग तिथे आम्ही. प्रयोगामागे ठरलेली नाइट, म्हणजे त्या एका प्रयोगाचे पैसे मिळतात, पगार नाही. शिवाय स्वतःचे थोडे पार (स्टेजचे दिवे), दोन डिमर (उजेड कमीजास्त करणारे) आणि ते चालवायचा एक बोर्ड आहे. एकांकिका स्पर्धांना, राज्य नाट्य स्पर्धेतल्या हौशी संस्थांना आणि गणपतीत मंडळांना ते भाड्याने देतो. एवढं सांगायचं कारण म्हणजे कर्जफेडीबद्दल जे काही वाचायला आणि बघायला मिळतं, ते सगळं एक तारखेला पगार होणाऱ्यांसाठी केलेलं असतं. ‘उत्पन्नाच्या अमुक टक्के रक्कम आधी बाजूला काढा.’ कुठल्या उत्पन्नाच्या? जानेवारीतल्या की पितृपक्षातल्या? त्यामुळे रिक्षा, केटरिंग, मेकअप, शिकवण्या, डेकोरेशन अशा कधी ओल्या कधी सुक्या धंद्यातल्या लोकांनी हे वाचलं तर जास्त उपयोग होईल. पगारदारांनी वाचलं तरी चालेल.

केंद्र दादर पश्चिमेला आहे, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. जुनी इमारत, पहिला मजला, एक खोली, दोन टेबलं. एका ट्रस्टतर्फे चालतं आणि सल्ला देणारे दोघेही बँकेतून निवृत्त झालेले. फी नाही, झेरॉक्स आपली आपण काढून न्यायची. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये बँकांना अशा केंद्रांसाठी एक नमुना योजना घालून दिली होती आणि सल्ला फुकट असावा हे त्यातच होतं. बहुतेक लोकांना हे माहीत नाही, मलाही नव्हतं. केंद्राचं नाव इथे टाकत नाही. पुढे तक्रारी लिहिल्या आहेत, आणि फुकट काम करणाऱ्यांना नाव घेऊन चारचौघांत टोचणं मला बरं वाटत नाही.

आता आकडे, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. पहिलं क्रेडिट कार्ड १,४२,००० रुपये. दुसरं ५८,०००. एका फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन, उरलेलं मुद्दल १,६०,००० आणि हप्ता ६,८४०. मोबाइल अ‍ॅपवरची दोन फुटकळ कर्जं मिळून २२,०००. पतसंस्थेचे १,५०,०००, हप्ता ४,०००, व्याज १२ टक्के, जामीनदार दोन, दोघेही आमच्याच बॅकस्टेजचे. बायकोच्या पाटल्या बँकेत, त्यावर ९०,००० रुपये साडेनऊ टक्क्यांनी. मेहुण्याकडून हातउसने ४०,०००. एकूण ६,६२,०००.

हे कसं झालं याची फार मोठी गोष्ट नाही. मार्च २०२० मध्ये थिएटरं बंद पडली, मध्ये थोडी उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला निम्म्या खुर्च्यांवर सुरू झाली. तोवर घर कार्डांवर आणि पतसंस्थेवर चाललं. उघडल्यावर निर्मात्यांना एलईडी पार हवे झाले, जुन्या हॅलोजनला कोणी विचारेना, म्हणून फायनान्स कंपनीचं लोन. अ‍ॅपवाली दोन कर्जं त्या सगळ्यांचे हप्ते भरण्यासाठी.

या केंद्रात जाण्याआधी मी एका कर्ज ‘मिटवून देणाऱ्या’ कंपनीशी बोललो होतो. तेही सांगतो, कारण तुमच्या फोनवरही त्यांच्या जाहिराती येत असतील. पलीकडचा मुलगा अतिशय गोड बोलायचा. त्यांची योजना अशी : बँकांचे हप्ते भरणं आजपासून थांबवायचं, तेच पैसे दर महिन्याला त्यांनी सांगितलेल्या खात्यात जमा करायचे, खाती थकीत झाली की ते बँकेशी बोलून निम्म्या रकमेत प्रकरण मिटवणार. सुरुवातीला नोंदणीचे पैसे, दरमहा सेवाशुल्क आणि शेवटी वाचलेल्या रकमेवर टक्केवारी. मी विचारलं, मधल्या काळात वसुलीवाले फोन करतील त्यांचं काय? तर म्हणाला, फोन आमच्याकडे वळवा. विचारलं, पतसंस्थेच्या जामीनदारांचं काय? तर गप्प. त्याला जामीनदार ही भानगडच माहीत नव्हती.

हे केंद्रातल्या मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तडजोड हा प्रकार बेकायदेशीर नाही. बँकांनी तडजोड कशी करायची याची चौकट रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये नव्याने घालून दिली आहे आणि बँकेशी तुम्ही स्वतःही बोलू शकता, त्यासाठी मधला माणूस लागत नाही. पण तडजोड केली की तुमच्या पतअहवालात, म्हणजे कर्जं कशी फेडली त्याच्या नोंदीत, त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ (तडजोडीत मिटलं) असा शेरा पडतो, ‘क्लोज्ड’ (पूर्ण फिटलं) नाही, आणि पुढे घराचं किंवा गाडीचं कर्ज मागायला गेलात की पहिली नजर तिथेच जाते. ‘ज्याचं कामच गेलंय, अंगावर आजारपण आलंय, त्याच्यासाठी तो रस्ता. तुमचे प्रयोग चालू आहेत ना? मग आधी पूर्ण फेडायचा हिशोब मांडून बघू.’

मॅडमची पद्धत जुनी. फुलस्केप कागद, पट्टी, पेन्सिल. संगणक शेजारच्या टेबलावर होता, त्याकडे त्या वळल्याही नाहीत. प्रत्येक कर्जाला एक ओळ : मुद्दल, दर, हप्ता, हप्त्याची तारीख, तारण काय, जामीनदार कोण, चुकलं तर कोणाचं नुकसान. शेवटचा रकाना मी कुठल्याच कर्जफेडीच्या तक्त्यात पाहिला नव्हता. मेहुण्याचे ४०,००० मी सांगितले नव्हते. ‘आणि घरातल्या कुणाचे?’ असं त्यांनीच विचारून काढून घेतले. ‘बिनव्याजी आहे म्हणून कागदावर नाही असं करू नका. त्यांना फोन करून सांगा, पुढच्या वर्षी सुरू करतो. तारीख सांगा.’ तो फोन बायकोने केला. भाऊ तिचा.

मग कार्डाचं गणित. हे मला माहीत होतं असं मला वाटत होतं. पहिल्या कार्डाचा दर महिन्याला ३.६ टक्के. १,४२,००० वर एका महिन्याचं व्याज ५,११२ रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ९२०. झाले ६,०३२. मी भरत होतो ती ‘किमान रक्कम’ ५ टक्के, म्हणजे ७,१००. सात हजार शंभर भरून मुद्दलातून गेले १,०६८ रुपये. आणि बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, म्हणजे त्याच कार्डावर भरलेल्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज. मी म्हटलं, कार्डाच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा आहे असं कुठेतरी वाचलं होतं. त्या म्हणाल्या, राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा तसा निकाल होता खरा, पण सुप्रीम कोर्टाने तो २० डिसेंबर २०२४ ला रद्द केला. त्यामुळे त्या आशेवर बसू नका.

त्यांनी सुचवलं ते असं : पहिल्या कार्डाच्या बँकेला लेखी विनंती करायची की सगळी बाकी हप्त्यांत बदलून द्या. काय लिहायचं त्याचा मसुदा त्यांनी दिला, मी तो घेऊन शाखेत जाऊन बसलो. कस्टमर केअरवर आधी चढा दर सांगितला होता, शाखेतून अखेर १८ टक्के आणि ३६ महिने मिळाले. हप्ता ५,१३४. व्याजावरचा जीएसटी वेगळा, तो पहिल्या महिन्यात पावणेचारशेच्या आसपास आणि पुढे कमी होत जातो. म्हणजे आधी भरत होतो त्या किमान रकमेपेक्षा कमी पैसे, आणि त्याला शेवट आहे. कार्ड अर्थातच गोठवलं. दुसऱ्या कार्डाच्या बँकेने मात्र हीच विनंती दोन ओळींत नाकारली आणि कारणही दिलं नाही.

इथे केंद्रात थोडी वादावादी झाली. हा प्रसंग सांगण्यासारखा आहे, कारण सल्ला देणारा माणूस कसा आहे ते अशा वेळी कळतं. मॅडम म्हणाल्या, पाटल्यांवर आणखी कर्ज मिळतं का बघा. दुसऱ्या कार्डाचा दर वर्षाला ४२ टक्के आणि सोन्यावर साडेनऊ, गणित सरळ आहे. बायको बरोबर होती. ती म्हणाली, ‘मॅडम, गणित मला कळतंय. पण पाटल्या आईच्या आहेत, आणि आता आहे त्याच्यापेक्षा जास्त अडकवणार नाही.’ मला वाटलं, आता लेक्चर ऐकावं लागणार. मॅडमनी ती ओळ खोडली आणि म्हणाल्या, ‘ठीक. मग ५८,००० सीझनमधून काढायचे. सीझन कधी तुमचा?’

आणि तिथून पुढचा जो तास गेला, त्याच्यासाठी मी हा सगळा लेख लिहितोय.

त्यांनी बारा रकाने आखले. आणि विचारलं, प्रत्येक महिन्यात किती प्रयोग? सरासरी नको, मागच्या वर्षीची डायरी काढा. आमच्या धंद्यात सगळे डायरी ठेवतात, नाहीतर निर्मात्यांकडून बाकी वसूल व्हायची नाही. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत शनिवार-रविवार दोन-दोन, कधी तीन प्रयोग, वर राज्य नाट्यची भाडी आणि कॉलेजांच्या एकांकिका. चांगल्या महिन्यात ६०,००० पर्यंत जातं. परीक्षा सुरू झाल्या की मार्च रिकामा. मे बरा. जून-जुलैत लोक पावसात घराबाहेर पडत नाहीत. गणपतीत नाटक बंद, पण मंडळांच्या लाइटिंगचं काम. पितृपक्षात शुकशुकाट. वाईट महिन्यात माझे १५,००० होतात. बायको एका खासगी शाळेत क्लार्क आहे, तिचे २१,००० तेवढे ठरलेले. मिळून ३६,०००. खोली स्वतःची, म्हणून घरखर्च २२,५०० मध्ये बसतो. उरले १३,५००.

जुना हिशोब : दोन कार्डांची किमान रक्कम, फायनान्स कंपनी, अ‍ॅपवाल्यांचे फिरवाफिरवीचे साडेपाच हजार, पतसंस्था आणि सोन्याचं व्याज मिळून महिन्याला २७,०५२. वाईट महिन्यात साडेतेरा हजारांचा खड्डा. तो कार्ड घासून भरला जायचा. नवा हिशोब, अ‍ॅपची कर्जं संपल्यावर : ५,१३४ अधिक २,९०० अधिक ६,८४० अधिक ४,००० अधिक सोन्याचं व्याज ७१२, म्हणजे १९,५८६. खड्डा सहा हजारांचा. असे चार महिने : मार्च, जून, जुलै आणि पितृपक्षाचा. चोवीस हजार, जीएसटी वगैरे धरून मॅडमनी २५,००० लिहिले आणि त्याभोवती चौकोन काढला. ‘सीझनला पैसे आले की सगळ्यात आधी हे. वेगळ्या खात्यात, ज्याचं एटीएम कार्ड घेऊ नका. त्याच्यानंतर जे उरेल ते अ‍ॅपला, मग दुसऱ्या कार्डाला.’

मी म्हटलं, व्याज खाणारं कर्ज समोर उभं असताना पैसे खात्यात ठेवायचे? साडेतीन टक्के दर महिन्याला जातात. त्या म्हणाल्या, ‘बरोबर आहे. आणि जूनमध्ये हप्ता परत गेला तर किती जातात तेही मांडू.’ हप्ता खात्यातून परस्पर कापला जायचा असेल आणि शिल्लक नसेल, तर फायनान्स कंपनी दंड लावते, आपली बँकही वेगळा लावते, दोन्हींवर जीएसटी. माझ्या बाबतीत एका बाउन्सला मिळून हजाराच्या वर जात होते. शिवाय २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यातल्या कलम २५ प्रमाणे असा परत गेलेला हप्ता चेक न वटण्यासारखाच गुन्हा होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. जूनसाठी जानेवारीत पैसे धरून ठेवणं कागदावर तोट्याचं दिसतं, आमच्यासारख्याला ते स्वस्त पडतं. मी फोनवर दोन-तीन कर्जफेडीची अ‍ॅप वापरून बघितली होती. एकानेही महिन्यागणिक वेगळं उत्पन्न टाकायची सोय दिली नव्हती. सगळी सरासरी मागतात. माझी सरासरी ३५,००० येते, आणि तेवढे पैसे मी वर्षातल्या एखाद्याच महिन्यात कमावतो.

फेडीचा क्रम लावताना त्यांनी दोन पद्धती सांगितल्या : सगळ्यात लहान कर्ज आधी संपवा म्हणजे हुरूप येतो, किंवा सगळ्यात महाग आधी संपवा म्हणजे पैसे वाचतात. लोक यावर तावातावाने भांडतात म्हणे. आमच्याकडे अ‍ॅपची कर्जं आणि दुसरं कार्ड हीच लहान आणि हीच महाग, त्यामुळे भांडायला वाव नव्हता. फायनान्स कंपनीचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर उरलेल्या मुद्दलावर ४ टक्के आणि त्यावर जीएसटी असं करारातच होतं, म्हणून त्याला हात लावायचा नाही. आणि पतसंस्थेचा हप्ता कितीही स्वस्त असला तरी एक दिवसही पुढे जायचा नाही. पतसंस्थेला सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवता येतो आणि त्याची झळ जामीनदारांना बसते. माझ्यासाठी कलमाची गरज नव्हती. ज्या माणसाबरोबर रोज रात्री टेम्पोत सामान चढवायचं, त्याच्या घरी नोटीस जाणं याहून वाईट काय असणार?

एक अवांतर. मी सहज विचारलं होतं, आपल्याकडे अमेरिकेसारखं दिवाळं काढता येत नाही का? मॅडम म्हणाल्या, २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी भाग आहे, पण तो अजून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांपुरता लागू झालाय. बाकीच्या मुंबईकरांसाठी आजही १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स कायदा, आणि त्यासाठी हायकोर्ट. ‘साडेसहा लाखांसाठी हायकोर्टात जाणार का?’ असं विचारून त्यांनी पान उलटलं.

घरखर्चाच्या पानावर मात्र त्यांच्याबद्दलचं माझं मत फार चांगलं झालं. मी गणपतीला गावी जायचा खर्च लिहिलाच नव्हता. कर्जफेड चालू असताना सणाचा खर्च दाखवायची लाज वाटली. त्यांनी विचारलं, ‘कोकणातले ना? जाणार नाही असं खरंच होणार आहे?’ बायको म्हणाली, जाणार. ‘मग लिहा. न लिहिता जाल तर कार्ड घासून जाल.’ वर्गणी, गाडीभाडं, घरातल्या मुलांचे कपडे, सगळं मिळून ९,००० लिहिले आणि ते मंडळांच्या लाइटिंगच्या पैशांतून वळते केले. माझ्या सिगारेटवर मात्र एक शब्द न बोलता नुसतं पेन्सिलीने वर्तुळ काढलं.

आता तक्रारी.

वसुलीवाल्यांच्या बाबतीत केंद्र कमी पडतं. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. माझे फोन रात्री साडेआठला यायचे, म्हणजे नेमके तिसरी घंटा झाल्यावर, बोर्डावर हात असताना. एका अ‍ॅपवाल्याच्या माणसाने तर आमच्या निर्मात्याला फोन केला, ज्याचा नंबर त्याला माझ्या फोनमधल्या संपर्कयादीतूनच मिळालेला असणार. सप्टेंबर २०२२ पासूनच्या डिजिटल कर्जांच्या नियमांप्रमाणे अ‍ॅपला ती यादी बघायचीच मनाई आहे. केंद्राने काय केलं? मला दोन पत्रांचे मसुदे दिले. चांगले होते. पण पुढचं सगळं मीच केलं : कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल, ३० दिवस थांबणं, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार. १४४४८ हा तिथला टोल फ्री नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. लोकपालाच्या तक्रारीनंतर फोन थांबले. केंद्राने स्वतः कंपनीला एक फोन केला असता तर कदाचित महिनाभर आधी थांबले असते. विचारलं तर म्हणाल्या, आम्ही कर्जदाराच्या वतीने बोलत नाही, आम्हाला तो अधिकार नाही. असेलही. पण ज्याला इंग्रजीत मेल लिहिता येत नाही त्याने काय करायचं? यासाठी एक तारा गेला.

उरलेला अर्धा तारा किरकोळ गोष्टींसाठी. फोन कोणी उचलत नाही. वेळ अकरा ते चार, शनिवार-रविवार बंद. मला सकाळ मोकळी असते म्हणून जमलं, बायकोला प्रत्येक वेळी अर्धी रजा टाकावी लागली. आणि भरायचा अर्ज संपूर्ण इंग्रजीत, दादरमध्ये बसून! आत सगळं बोलणं मराठीत चालतं आणि कागद मात्र परका.

पतअहवालाचं काम मात्र त्यांनी नीट करून घेतलं. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार संस्था आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. जाहिरातीतल्या अ‍ॅपवर जाऊन त्यासाठी पैसे भरायची गरज नाही. माझ्या अहवालात मोबाइलसाठी घेतलेलं, केव्हाच फिटलेलं एक छोटं कर्ज अजून चालू दाखवत होते. तक्रार केल्यावर ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. माझी दुरुस्ती मुदतीत झाली, त्यामुळे शंभराची नोट काही मिळाली नाही.

सध्याची स्थिती. अ‍ॅपची दोन्ही कर्जं राज्य नाट्यच्या भाड्यांतून संपली. दुसरं कार्ड मे महिन्याच्या प्रयोगांनंतर पूर्ण भरलं आणि बंद करायला लेखी कळवलं. बाकी शून्य असेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर बँकेने ग्राहकाला रोज ५०० रुपये द्यायचे असा नियम आहे. हे अर्जात लिहा, काम पटकन होतं. पहिल्या कार्डाचे हप्ते चालू आहेत. वेगळ्या खात्यातल्या पंचवीस हजारांतून जून आणि जुलै निघाले. ऑगस्टमध्ये एक निर्माता भाड्याचे पैसे देता देईना, तेव्हा त्या खात्यातून जास्तीचे काढावे लागले आणि तक्ता पुन्हा आखायला मॅडमकडे गेलो. त्यांनी जुना कागद मागितला, नवीन नाही. त्याच्यावरच दुसऱ्या रंगाने बदल केले, म्हणजे कुठे घसरलं ते दिसत राहतं. निर्मात्याकडे गणपतीनंतर चकरा मारून निम्मे पैसे आणलेत, निम्मे बाकी. त्याचं नाव त्या कागदावर आहे, ‘येणे’ या रकान्यात.

कोणी जाऊ नये? ज्याला वाटतं की केंद्र बँकेशी भांडून व्याज माफ करून आणेल, त्याने जाऊ नये. ते आपले पैसे हातात घेत नाहीत, कोणाला भरत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. जे करायचं ते तुम्हीच. दुसरं म्हणजे खासगी सावकाराचे पैसे असतील तर तिथे फारसा उपयोग नाही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारीची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करायची असते, केंद्रवाले तेवढं सांगून पत्ता देतात.

जाणार असाल तर सगळ्या कार्डांची शेवटची तीन स्टेटमेंटं, कर्जांचे करार (विशेषतः मुदतीआधी फेडीच्या दंडाचं पान), पासबुक आणि तुमच्या कामाची डायरी न्या. नवराबायको दोघं जा. मॅडम मंगळवार आणि गुरुवारी असतात. बाकीच्या दिवशी दुसरे गृहस्थ बसतात, तेही चांगले आहेत, फक्त ते सरासरी विचारतात.